कॉम्पोझिटची चकाकी सहा महिन्यांत उतरते: मटेरियल बदलावं की पॉलिशिंग किट?

इन्सायझर२१
पुढच्या दातांच्या फिलिंगला नॅनोहायब्रिड कॉम्पोझिट (काचेचे बारीक कण मिसळलेलं दातरंगी रेझिन) वापरतो. त्या दिवशी फिलिंग चकचकीत दिसतं, सहा महिन्यांनी मात्र मॅट पडतं आणि कडेने पिवळसर रेघ येते. क्रम असा: शेवटचा थर ब्रशला थोडं बॉण्ड (कॉम्पोझिट दाताला चिकटवणारा पातळ द्रव) लावून सारखा करायचा, २० सेकंद क्युअर (लाइटने कडक करणं), लाल पट्टीच्या डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेलं ड्रिलचं टोक) आकार, मग थेट रबर कप आणि पेस्ट. काय बदलू? वरून सीलर (पातळ रेझिनचा लेप) लावून उपयोग होतो का?

रेझिनवाला
मटेरियलला इतक्यात दोष देऊ नका, गडबड क्रमात आहे.

ब्रशला बॉण्ड नको. त्यात सॉल्व्हंट असतो, फिलर (काचेचे कण) जवळजवळ नसतो. म्हणजे सगळ्यात वरचा, चहा-कॉफीला तोंड देणारा थरच मऊ आणि पाणी शोषणारा होतो. ब्रश कोरडा ठेवा, फारच चिकटत असेल तर मॉडेलिंग रेझिन नावापुरतं.

शिवाय हवा लागलेल्या थरात ऑक्सिजन पॉलिमरायझेशन (रेझिन कडक होणं) अडवतो, तिथे चिकट साय राहते. सपाट भागावरची फिनिशिंगमध्ये निघते. खाचेतली आणि दोन दातांमधली तशीच राहून पुढे डाग धरते. शेवटी हवा अडवायला ग्लिसरीन जेल लावून सगळ्या बाजूंनी आणखी २० सेकंद लाइट द्या.

खरी चूक डायमंडवरून थेट रबरवर जाण्यात आहे. लाल पट्टीचे कण तीसेक मायक्रॉनचे. त्यांचे ओरखडे कप पुसत नाही, फक्त त्यांची टोकं गुळगुळीत करतो. चकाकी येते, पण दऱ्या तशाच राहतात. ओल्या दातावर हे कळत नाही. हवेने खडखडीत कोरडा करून लाइट बाजूने तिरपा मारा, समांतर रेघा दिसतील. त्या दिसेनाशा होईपर्यंत पुढची पायरी घ्यायची नाही.

लाल पट्टीनंतर त्याहून बारीक कणांची पिवळी किंवा जास्त पात्यांचा कार्बाइड बर, मग अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क: मीडियम, फाइन, सुपरफाइन. प्रत्येकी १५–२० सेकंद, हलका हात. दर डिस्कनंतर पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर आधीचा जाड कण बारीक डिस्कखाली सापडून नवा ओरखडा काढतो. दिशाही दरवेळी आडवी बदला, मग आधीच्या रेघा उरल्या की लगेच डोळ्यांत भरतात.

फिलर_फर्स्ट
वरच्याशी सहमत, पण मटेरियल अगदीच निर्दोष नाही. रेझिन मऊ, काच कडक, त्यामुळे झीज होताना आधी रेझिन जातं, कण उघडा पडतो आणि शेवटी निखळतो. मागे खड्डा राहतो. कण जेवढा मोठा तेवढा खड्डा मोठा. हायब्रिडमधला एखाद मायक्रॉनचा कण आणि मायक्रोफिल या अतिबारीक कणांच्या कॉम्पोझिटमधला ०.०४ मायक्रॉनचा सिलिका यांत चकाकी कोण टिकवणार हे उघड आहे. पण मायक्रोफिल ताकदीला कमी, म्हणून चावण्याच्या कडेला हायब्रिड आणि फक्त ओठाकडच्या बाजूला मायक्रोफिलचा पातळ थर.

खरखरीतपणाचा आकडा लक्षात ठेवायचा तर आरए (पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी) ०.२ मायक्रॉन. त्याच्या वर गेलं की प्लाक (जंतूंचा चिकट थर) जास्त साचतो. खाली उतरल्याने प्लाकमध्ये आणखी फरक पडत नाही, फरक पडतो तो दिसण्यात.

मायलर पट्टीखालचा (क्युअर करताना फिलिंगवर दाबून धरायची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी) पृष्ठभाग सगळ्यात गुळगुळीत, हे खरं. पण तिथे नुसतं रेझिन वर आलेलं असतं, म्हणून तोही थोडा काढावाच लागतो.

सीलर फिनिशिंगमधले बारीक तडे भरतो, पण ब्रशिंगने झिजतो. पॉलिशिंगला पर्याय म्हणून तर मुळीच लावू नका.

स्केलरटीप
नंतर काय होतं तेही बघा. दात किडू नयेत म्हणून लावायचं १.२३ टक्के एपीएफ (फॉस्फेट-फ्लोराइड) जेल आम्लधर्मी असतं, फिलरची काच कोरतं. कॉम्पोझिट असलेल्या पेशंटला न्यूट्रल सोडियम फ्लोराइड द्या. दात साफ करायची अल्ट्रासॉनिक टीप फिलिंगवर टेकवू नका, आणि जाड प्युमिसने (खरखरीत दगडाची पूड) साफसफाई केली तर सगळं पॉलिशिंग पाण्यात.

इन्सायझर२१
आणि आधी केलेली फिलिंग्ज? काढून नवीन करू?

रेझिनवाला
सरसकट नको. कडेवरून प्रोब (तपासणीची टोकदार सळई) फिरवा. अडकत नसेल आणि डाग वरवरचा असेल, तर पिवळ्या पट्टीपासून पुन्हा पॉलिश. अडकत असेल तर तेवढीच कड खोला, ५० मायक्रॉन अॅल्युमिनाने ब्लास्ट करा, एच (आम्लाने पृष्ठभाग कोरणं), सिलेन (काचेला रेझिन जोडणारा द्रव), बॉण्ड आणि नवा थर. डाग आत खोलवर गेलेला दिसला किंवा खाली मऊ डेंटिन (इनॅमलखालचा दाताचा थर) लागलं, तरच पूर्ण काढा.