मदत हवी आहे: मुलीची मानदुखी, पोक आणि मॅन्युअल थेरपी

नमस्कार मंडळी,

मुलगी १२ वर्षांची, सातवीत आहे. अडीच महिन्यांपासून मान दुखते म्हणत होती. आधी मला तो अभ्यास टाळायचा बहाणा वाटला, याचं आता फार वाईट वाटतं. एकदा मी मागून हाक मारली तर मान न वळवता ती अख्खीच वळली. तेव्हा पोटात धस्स झालं.

बसते ती पोक काढून, हनुवटी पुढे, नाक जवळजवळ वहीला टेकलेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. ताप नाही, मार लागलेला नाही, हाताला मुंग्या नाहीत, रात्री दुखण्यानं जाग येत नाही. कंबरेतून पुढे वाकवून पाठही पाहिली, कणा एका बाजूला झुकलेला नाही. स्नायूंचं दुखणं आहे म्हणून फिजिओकडे पाठवलं.

तिथे मॅन्युअल थेरपीची, म्हणजे हातानं करायच्या उपचारांची, चार सिटिंग झाली. मानेपासून खांद्यापर्यंतचा आखडलेला स्नायू दाबून सैल करतात, मानेच्या मणक्यांना अगदी हलके झोके देतात. मग तिनं त्यांच्या हाताविरुद्ध थोडा जोर लावायचा आणि सोडून द्यायचा. उठते तेव्हा मान दोन्हीकडे छान वळते. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

आता सासरचे एक नातेवाईक मागे लागलेत की एकदाच मान मोडून घ्या, कट्ट आवाज आला की मणका जागेवर बसतो. माझं मन धजत नाही. हाताच्या उपचारांचा गुण टिकत का नाही? आणि मान मोडण्याबद्दल जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी मान मोडण्याचं. मुलीची मान कुणालाही झटक्यानं वळवू देऊ नका. मणका जागेवरून हललेलाच नसतो, तर बसणार कुठून? तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून जातात. झटक्यानं त्यांना इजा होणं दुर्मिळ आहे, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकते. हळुवार झोके वेगळे, ते मुलगी कधीही थांबवू शकते.

गुण टिकत नाही कारण हातानं दुखणं शमतं, ताकद येत नाही. मोठ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि या वयात ते फार मागे नसतं. मान पुढे झुकली की ते पेलायचं काम मागच्या स्नायूंवर पडतं. सिटिंगनंतरचे ते दोन बरे दिवस व्यायामासाठी वापरा. उताणं झोपून हनुवटी गळ्याकडे हलकेच ओढायची, ५ ते १० सेकंद धरायची, दहा वेळा. बसून दोन्ही खवाटे (खांद्यांमागची सपाट हाडं) मागे खाली ओढायचे. ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर नुसत्या सिटिंग वाढवत नेण्यात अर्थ नाही.

एक विनंती, पोकावरून तिला सारखं टोकू नका. पोक काढणाऱ्या कितीतरी मुलांना काहीच दुखत नाही. ताठ बसवून ठेवण्यापेक्षा दर अर्ध्या तासानं उठवा. हात बधिर झाला, चालताना तोल गेला किंवा तापासोबत मान ताठली, तर थेट डॉक्टरांकडे.

प्रतिसाद २

नाक वहीला टेकतं म्हणालात म्हणून सांगतो, डोळे तपासले का? आमच्या मुलाचं पोकाचं मूळ तिथेच निघालं. लांबचं दिसत नव्हतं आणि सगळं जवळ घेऊन वाचायची सवय लागली होती. चष्मा लागला, लिहायला उतरता डेस्क दिला, तेव्हा मान आपोआप वर आली.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, परवाची वेळ घेतली आहे. नातेवाइकांना नाही म्हणून सांगितलं. आज दप्तरही काट्यावर ठेवलं. साडेसहा किलो! तिचं वजन ३६. निम्मी पुस्तकं बाहेर काढली.

ताई, व्यायाम सुरू केलाय, पण हनुवटी ओढताना तिला गळ्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो. हे बरोबर होतंय का?

प्रतिसाद १

जोर जास्त लावतेय. 'हो' म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच हलवायची. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू टरारले तर तिथेच थांबवा, आणि पुढच्या सिटिंगला फिजिओसमोर करून दाखवायला सांगा.