अनुभव धागा: चूक झाली, पुढे काय झाले?

दादर, धागाकर्ती:
बहुतेक वह्यांत चुकीवर लाल फुली पडते, बरोबर उत्तर पाच वेळा लिहून घेतले जाते आणि विषय तिथेच मिटतो. विद्यार्थ्याची एखादी चूक प्रत्यक्ष उपयोगी पडली असेल, तर शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनी ते सविस्तर लिहावे.

परळ, निवृत्त गणितशिक्षिका:
१/२ आणि १/३ यांची बेरीज २/५, हे उत्तर माझ्या वर्गात दरवर्षी येत असे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा मुलगा पूर्ण संख्यांची ओळखीची रीतच प्रामाणिकपणे पुढे चालवत असतो. ते उत्तर न पुसता मी सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेऊन एकीचे दोन आणि दुसरीचे पाच समान भाग करायला सांगत असे. पाचातले दोन भाग अर्ध्या पट्टीपर्यंतही पोचत नाहीत हे दिसले, की "बाई, अर्ध्यात भर घातली तर कमी कसं झालं?" हा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येई. लसावि आधीच उरकून टाकलेल्या वर्गात हा प्रश्न मला कधीच ऐकू आला नाही.

भांडुप, पालक:
मुलगी दुसरीत असताना पंचवीस ही संख्या ५२ अशी लिही, आणि शिकवणीत "लक्ष नाही" असा शेरा मिळे. लक्ष तर चांगलेच होते, कारण कानावर आधी पाच पडतो म्हणून ती आधी पाच लिहीत होती. (२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील, पंचवीसला "वीस पाच" म्हणण्याच्या पद्धतीवरून गदारोळ झाला, तो याच अडचणीभोवती, मला तो बदल तेव्हाही पटला नव्हता.) दहा-दहा काड्यांच्या जुड्या डावीकडे आणि सुट्या काड्या उजवीकडे मांडल्यावर ही उलटापालट थांबली. एकोणतीसला मात्र ती अजूनही अडखळते.

कुर्ला, आयटीआयमधील निदेशक:
दोन्ही अनुभव मान्य, पण चुकीचे फार गोडवे गाऊ नयेत. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, २५ मिमीचा जॉब (घडवायचा तुकडा) २४.६ झाला, तर कापलेले लोखंड परत चिकटत नाही. तरीही ती चूक मी होऊ देतो, कारण शेवटच्या कटाआधी मशीन थांबवून व्हर्नियरने माप घेण्याची सवय त्या एका वाया गेलेल्या जॉबने लागते, माझ्या ओरडण्याने नाही. चकमध्ये (जॉब घट्ट पकडणाऱ्या भागात) तो आवळायची चावी विसरून मशीन सुरू करणे मात्र एकदाही चालत नाही. ती चावी गोफणीसारखी सुटते. तिथे दरडावणेच बरे.

वडाळा, बारावी:
आम्हाला सराव परीक्षेचे पेपर गुण पाहून लगेच परत द्यावे लागतात. चूक पाहणार कधी?

अंधेरी, भौतिकशास्त्राचे शिक्षक:
वडाळ्याच्या विद्यार्थ्यासाठी लिहितो. मी पेपर घरी नेऊ देतो, पण त्यावर गुण नसतात. चुकलेल्या पायरीखाली फक्त रेघ असते, आणि ती का चुकली हे लिहून आणल्यावरच गुण सांगतो. वर्ग मोठा असल्याने सर्वांची कारणे वाचणे होत नाही, म्हणून बऱ्याच जणांची जी पायरी घसरते तेवढीच फळ्यावर घेतो. यंदा ती किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद न करण्याची निघाली. "गुण कधी देणार?" असे पालकांचे फोनही आले.