मदत हवी आहे: एकमेकांवाचून न जगणाऱ्या दोन जमाती, पण एकच वरचढ होतेय

नमस्कार मंडळी,

फँटसी कादंबरी लिहायला घेतली आहे. टोकदार कानांचे धनुर्धारी आणि दाढीवाले बुटके नको होते, म्हणून जग आमच्या सोलापुरावरूनच उचललं: कोरडं पठार, मध्ये तळं, तळ्याच्या काठाला भुईकोट किल्ला आणि मे महिन्यात 43-44 अंशांना टेकणारा पारा. (सिद्धेश्वर तळं पाहिलेल्यांना नकाशाची गरज नाही.) गाडं अडलंय ते तिथल्या दोन जमातींपाशी.

तळवे जमिनीखाली राहतात, विहिरींच्या पोटात. ऊन सोसत नाही. त्यांच्या पाठीतून रोज एक ओला तंतू निघतो. तो वेळेत ओढून काढला नाही तर वाळतो, कातडीत रुततो आणि चार-पाच दिवसांत तळवा गुदमरून मरतो. स्वतःच्या पाठीला हात पोचत नाही, आणि दुसऱ्या तळव्याने ओढायला घेतला तर दोघांचे तंतू एकमेकांत गुंततात. म्हणजे परक्या जमातीचाच हात हवा.

झळे वर राहतात. सगळे विणकर. त्यांना घाम येत नाही, त्यामुळे उन्हाळा म्हणजे त्यांचा कर्दनकाळ. तळव्यांच्या तंतूचं गार कापड अंगावर असेल तरच दुपारी घराबाहेर पडता येतं. रोज पहाटे झळे विहिरीत उतरतात, तंतू ओढतात, कांड्या भरतात आणि मागावर बसतात. हा भाग लिहायला काहीच कष्ट पडले नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला मागाचा ताणा, बाणा, धोटा कुणी शिकवावा लागत नाही.

घोळ पुढे आहे. एका मैत्रिणीला सुरुवातीची प्रकरणं वाचायला दिली, तर ती म्हणाली, "हे तळवे म्हणजे झळ्यांची दुभती जनावरंच झाली की रे!" मला तसं मुळीच नको होतं. पण हिशेब मांडला की तिचं खरं ठरतं. तळव्याला झळा रोज लागतो. झळ्याला कापड एकदा मिळालं की वर्षभर पुरतं. उद्या बिनसलं तर झळे निवांत घरी बसतील आणि पाचव्या दिवशी तळवे संपलेले असतील.

विहिरींचं पाणी तळव्यांच्या ताब्यात द्यावं, असं एकदा वाटलं. पण मग गोष्ट पाण्याचीच होऊन बसते, आणि उजनी धरणाच्या नावाने ते राजकारण रोज पेपरात वाचतोच. देवाची शपथ, मंत्राचं बंधन वगैरे पळवाटा नकोत.

तर दोघांची गरज तुल्यबळ व्हायला काय बदलू? निसर्गात असं काही आहे का? (भाषेची चिंता नाही. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत ऐकत मोठा झालोय, ते जमेल.)

अर्धाएकर:
तुल्यबळ गरज शोधू नका, निसर्गातही ती क्वचितच असते. 'एकाने फसवलं तर दुसरा काय करतो' हे शोधा. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात. ते हवेतला नत्र पिकाला देतात, पीक त्यांना अन्न पुरवतं. जिवाणूंनी नुसतंच खायचं ठरवलं तर? 2003 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग छापून आला होता. गाठींभोवतीच्या हवेत नत्राऐवजी आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूंना नत्र देताच येईना. झाडाने अशा गाठींचा प्राणवायू कमी केला आणि आतले जिवाणू फारसे वाढले नाहीत. झाड सगळ्यांना एकच न्याय लावत नाही, गाठ न् गाठ वेगळी पारखतं.

तुमच्या तळव्याच्या हातात असं काहीच नाही. हात आखडणाऱ्या झळ्याला ठिसूळ तंतू मिळू द्या. आणि तळव्याला विहीर बदलायची मुभा आहे का? नसेल तर आधी ती द्या.

मागवाली:
मैत्रीण बरोबर बोलली. पण खोट शरीरात नाही, गोदामात आहे. ज्याला थांबता येतं तो भाव ठरवतो. चादरीच्या धंद्यात विणणाऱ्याला सुताचे पैसे द्यायचे असतात, मजुरी चुकवायची असते. घेणारा मात्र थंडी पडेपर्यंत थांबतो. तुमचा झळा म्हणजे तो घेणारा. कापड टिकाऊ ठेवूच नका. पंधरा दिवसांत नवा तंतू भरला नाही तर गारवा गेला, असं करा. साठा बंद, माज बंद.

आणखी एक. झळे सगळेच्या सगळे विणकर कसे? दलाल कुठाय? तळव्यांना आधी तोच बांधून घालेल. त्याला आणा पुस्तकात.

सुमुक्ता_नाही:
उंबर बघा की. गांधीलमाशीच्या कुळातला एक बारीक कीटक असतो. मादी फळाच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरते, शिरताना पंख तुटतात. आत ती फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही, उंबरावाचून तिची पिल्लं कुठेच वाढत नाहीत. पण काही फुलांत बी तयार होतं, काहींत अळी वाढते आणि तेवढं बी बुडतं. म्हणजे गरज आहे आणि ओरबाडणंही आहे. तुमचा तळवा झळ्याकडून काय ओरबाडतो? काहीच नाही. म्हणून तो बिचारा वाटतो, आणि बिचाऱ्या पात्रांबद्दल फार पानं वाचवत नाहीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांचं कापड घेतलं, दलालही घेतला. ओरबाडण्याचं बघतो, त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

पण मागवाली, तुमच्या पंधरा दिवसांनी माझं अख्खं चौथं प्रकरण मोडलं. नायिका झळी आहे, पठार ओलांडायला तिला महिना लागतो. आता सोबत एक तळवा न्यावाच लागणार. भर उन्हाळ्यात त्याला नेऊ कसा?

मागवाली:
रात्री चालवा. दिवस कुठल्या तरी बाभळीखाली काढायचा. कापड एकच ठेवा, त्यात दोघं मावणार नाहीत एवढंच. दुपारी ते कुणी पांघरायचं यावर भांडू द्या त्यांना, महिनाभर. ओरबाडणं तिथंच सापडेल.