‘कोणावर चित्रित?’: गाणारीच पडद्यावर असेल तर काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
म्युझिक व्हिडिओंवरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे. शिनेड ओकॉनरच्या १९९०च्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’वर एक परिच्छेद आहे. मी लिहिलं, ‘हे गाणं शिनेड ओकॉनरवर चित्रित झालं आहे.’ मसुदा तपासणाऱ्यांनी तिथे खूण केली: गाणारी तीच, मग तिच्यावर चित्रित कसं? हरकत रास्त आहे, पण पर्याय सापडत नाही. ‘सादर केलं’ म्हटलं की मंचावरचा कार्यक्रम वाटतो. ‘अभिनय केला’ म्हटलं तर ती खोटं रडली असा अर्थ होतो. शिवाय पुढच्याच वाक्यात ‘पर्सोना’ (गायकाने लोकांसमोर येताना घेतलेलं रूप) आहे. त्यासाठी प्रतिमा, मुखवटा, व्यक्तिरेखा की आणखी काही?

खर्ज:
‘-वर चित्रित’ हा प्रयोग आपल्या सिनेमाच्या कामाच्या पद्धतीतून आलेला आहे. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर जातं. हिंदीत १९३५च्या ‘धूप छाँव’पासून हा रिवाज पडला. म्हणून ‘कोणी गायलंय?’ आणि ‘कोणावर चित्रित झालंय?’ हे दोन वेगळे प्रश्न आपण न अडखळता विचारतो. म्युझिक व्हिडिओत दोन्हींचं उत्तर एकच आलं की वाक्य अडतं.

ओकॉनरच्या बाबतीत तर तिसरा माणूसही आहे. गाणं मूळ अमेरिकी संगीतकार प्रिन्सने लिहिलेलं, द फॅमिली या बँडने १९८५मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. दिग्दर्शक जॉन मेबरीच्या व्हिडिओत बहुतेक वेळ काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा अगदी जवळून दिसतो, अधूनमधून पॅरिसमध्ये ती चालतानाची दृश्यं येतात. आईचा उल्लेख असलेल्या ओळीपाशी तिचे डोळे भरतात. ते ठरवलेलं नव्हतं, आपली वारलेली आई आठवली, असं तिनेच नंतर सांगितलं आहे. शब्द दुसऱ्याचे आणि दुःख तिचं स्वतःचं असताना ‘अभिनय’ लिहिणं अन्यायाचं होईल. मी सरळ लिहीन: ‘ती कॅमेऱ्याकडे पाहत गाते.’

एडिटटेबल:
‘गाते’ला माझी हरकत आहे. आपण ऐकतो तो आवाज त्या क्षणाचा नसतो. तो स्टुडिओतला असतो, आणि चित्रीकरणाच्या वेळी तो लावून त्यावर ओठ मिळवलेले असतात. सेटवर याला ‘लिपसिंक देणे’ म्हणतात आणि वाजणाऱ्या गाण्याला ‘प्लेबॅक’. मराठीत प्लेबॅकचं ‘पार्श्वगायन’ झालं तेव्हा यंत्राची क्रिया गेली आणि पडद्यामागचा गायक आला. त्यामुळे सेटवर गाणं वाजवण्याच्या कामाला आपल्याकडे शब्दच उरला नाही.

जुनीवही:
शब्द नाही असं कसं? लिपसिंकला ‘ओष्ठमेळ’ म्हणा. म्युझिक व्हिडिओला ‘ध्वनिचित्रफीत’ आहेच. ‘दिग्दर्शक’ हा शब्दही एके काळी नवाच होता. वापरला म्हणून रुळला. आधी रुळू दे, मग वापरू, असं म्हणत बसलं तर कुठलाच शब्द रुळायचा नाही.

मांडवीकाठ:
जुनीवही, ‘ध्वनिचित्रफीत’मधली ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’वरून आली आहे. शुद्धीसाठी सुचवलेल्या शब्दाची शेपटीच परकी! मला ती परकी वाटत नाही, पण मग ‘व्हिडिओ’ने काय पाप केलंय? आणि आता फीत आहे कुठे? सगळं कार्डावर किंवा डिस्कवर असतं.

जुनीवही:
फीत चारशे वर्षांत आपली झाली. उच्चार, लिंग, सामान्यरूप सगळं मराठी आहे: फितीवर, फितीत. ‘व्हिडिओ’चं अनेकवचन काय करता ते सांगा. व्हिडिओज? व्हिडिओ? व्हिडिओं?

मांडवीकाठ:
‘व्हिडिओ पाहिला, व्हिडिओ पाहिले, व्हिडिओंमध्ये.’ यात अडचण काय आहे?

एडिटटेबल:
‘ओष्ठमेळ’बद्दल. शब्द वाईट नाही, कारण काम खरोखरच ओष्ठ्य वर्णांवर चालतं. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात. संकलनात गाणं आणि चित्र जुळलंय का हे पाहायचं तर असाच वर्ण शोधायचा आणि ओठ मिटलेली फ्रेम त्याच्यावर बसवायची. ‘आ’वर तपासलं तर दोन-तीन फ्रेमची चूक कळतसुद्धा नाही.

मेळ कुठे बिघडतो तेही सांगतो, कारण पाटीपेन्सिल यांच्या क्रियापदाचा निकाल इथेच लागेल असं मला वाटतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत, आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की फरक लक्षात येऊ लागतो आणि मागे पडला तर सुमारे १२५ला, असं दिलंय. जगात आवाज प्रकाशानंतरच पोचतो, त्यामुळे मागे पडलेला आवाज आपण खपवून घेतो, पुढे गेलेला नाही. आता स्पीकर गायिकेपासून १७ मीटर लांब ठेवला तर आवाज तिच्यापर्यंत जायलाच ५० मिलिसेकंद लागतात. ती तेवढी उशिरा ओठ हलवते. संकलनात मूळ गाणं चढवलं की आवाज पुढे, ओठ मागे. म्हणजे चूक नेमकी खटकणाऱ्या बाजूला होते. म्हणून स्पीकर जवळ ठेवतात, नाहीतर कानात छोटा इअरपीस देतात.

दुसरा घोटाळा फ्रेमच्या वेगाचा. कॅमेरा २४वर आणि संकलन २५वर असेल, आणि कोणी फ्रेमला फ्रेम लावून चित्र बसवलं, तर ४ मिनिटांच्या गाण्याचं चित्र २३०.४ सेकंदांतच संपतं. पहिल्या ओळीला सगळं बरोबर वाटतं, पहिल्या कडव्यापर्यंत ओठ बरेच पुढे पळालेले असतात.

स्लो मोशनचं आणखी वेगळं. २५च्या संकलनासाठी ५०ने चित्रित करायचं असेल तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं आणि गायिकेने दुप्पट वेगाने गायचं. चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, ओढणी, पाणी मात्र तरंगत राहतं. ठेका मुळात मिनिटाला ८० असेल तर सेटवर तो १६० होतो. शब्द दाट असलेलं कडवं या वेगात जमत नाही. मग ४०ने चित्रित करून गाणं १.६ पट लावतात.

आणि या सगळ्यात गायिकेला एकच सूचना कायम असते: नुसते ओठ हलवू नकोस, खरोखर मोठ्याने गा. तसं केलं नाही तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, श्वास भरताना छाती वर येत नाही, आणि तार सप्तकातला सूर शांत चेहऱ्यावर दिसतो. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण विश्वास बसत नाही.

खर्ज:
मग माझं ‘गाते’ बरोबरच ठरलं की! ती खरोखर गाते. ऐकू येतो तो आवाज दुसऱ्या वेळचा, एवढंच.

एडिटटेबल:
कृती म्हणून बरोबर. वाचकाला मात्र ‘गाते’ म्हटल्यावर थेट ध्वनिमुद्रण वाटेल.

तिरफळ:
मला ‘पर्सोना’कडे यायचंय. ‘मुखवटा’ नको. मराठीत मुखवटा गळून पडतो, फाडला जातो, त्याच्यामागे नेहमी काही वाईट दडलेलं असतं. ‘प्रतिमा’ लोकांनी बनवलेली असते, ती डागाळते, उजळते. कलाकाराने जाणूनबुजून घेतलेलं रूप त्यात येत नाही. माझा कौल ‘सोंग’ला. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवाचा मुखवटा चढवून नाचणाऱ्याला सोंगच म्हणतात आणि तो फसवतोय असं तिथे कोणाच्या मनातही येत नाही. सोंगी भारुडात तेच. व्युत्पत्ती पाहा: स्वांग, म्हणजे स्व आणि अंग. स्वतःच्या अंगावर घेतलेलं रूप! म्युझिक व्हिडिओतल्या गायकाचं याहून नेमकं वर्णन होणार नाही.

डोनाल्ड ग्लोव्हर पाहा. गाताना तो चाइल्डिश गॅम्बिनो असतो. हिरो मुराईने दिग्दर्शित केलेल्या २०१८च्या ‘धिस इज अमेरिका’त तो उघड्या अंगाने, डोळे वटारत, हसत नाचतो. कॅमेरा त्याच्या मागोमाग जातो, आणि गोळीबार झाला की बंदूक लाल कापडात जपून उचलून नेली जाते. ते रूप ग्लोव्हरचंही नाही आणि गॅम्बिनोच्या आधीच्या गाण्यांतलंही नाही. ‘प्रतिमा’ म्हटलं तर यातलं काय पोचेल?

जुनीवही:
‘सोंग’ आजच्या वाचकाला ‘सोंगं करू नकोस’ असंच ऐकू येणार. मुखवट्याला जी हरकत घेतली तीच इथे लागू आहे. उलट लॅटिन ‘पर्सोना’चा मूळ अर्थच नटाचा मुखवटा. ‘पेर’ म्हणजे पार आणि ‘सोनारे’ म्हणजे ध्वनी करणे. ज्यातून आवाज पार येतो तो पर्सोना. गायकासाठी यापेक्षा चपखल काय असणार?

खर्ज:
ही व्युत्पत्ती प्राचीन रोमनांचीच आहे, पण भाषाशास्त्रज्ञ ती धरत नाहीत. ‘पर्सोना’तला ओ दीर्घ आहे आणि ‘सोनारे’तला ऱ्हस्व. त्याऐवजी इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन भाषेतल्या ‘फेर्सू’कडे (मुखवटा घातलेला माणूस) बोट दाखवलं जातं. ‘स्व-अंग’ही मला तसंच वाटतं. हिंदी ‘स्वांग’ आणि आपलं ‘सोंग’ सख्खे आहेत हे कबूल. त्याच्या मागे जायचं तर पुरावा लागेल.

तिरफळ:
व्युत्पत्ती सोडून देऊ, वापर तर डोळ्यांसमोर आहे. नृत्याच्या, नाटकाच्या कोणत्याही संदर्भात ‘सोंग घेणे’ आजही तिरस्काराचं नाही. क्रियापदाने फरक पडतो: सोंग ‘करणे’ वेगळं आणि सोंग ‘घेणे’ वेगळं.

पाटीपेन्सिल:
‘घेणे’ आणि ‘करणे’ हा फरक कामाचा आहे, टिपून ठेवला. याच लेखात म्युझिक व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांचे, गाणं आणि चित्र यांच्या नात्याचे तीन प्रकारही येतात: इलस्ट्रेशन, अॅम्प्लिफिकेशन, डिसजंक्चर. पहिल्यात शब्दांत असेल तेच चित्रात दिसतं. दुसऱ्यात चित्र गाण्याच्या अर्थात भर घालतं. तिसऱ्यात चित्र गाण्याशी संबंध तोडतं किंवा उलट बोलतं. मी ‘चित्रण, विस्तार, विसंगती’ केलंय.

खर्ज:
‘विसंगती’ नको. त्यात दोष सुचतो, आणि इथे ते मुद्दाम केलेलं असतं. ‘फारकत’ चालेल. पहिल्या दोघांसाठी बैठकीच्या लावणीकडे पाहा. ‘पदर’ म्हटल्यावर पदराकडे हात नेणं हे पहिलं. आणि यमुनाबाई वाईकरांसारखी गायिका एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन दर वेळी नवी अदा करते, रुसवा, आर्जव, टोमणा, ते दुसरं. शब्द तेच राहतात, अर्थ वाढत जातो. तेव्हा दुसऱ्याला ‘विस्तार’ ठीक आहे. पहिल्याला ‘चित्रण’ म्हणालात तर ‘चित्रीकरण’शी गोंधळ होईल. ‘शब्दशः दाखवणं’ असं मोकळेपणी लिहा.

मांडवीकाठ:
इथे कोणी ‘अल्बम’चा विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. निम्म्या महाराष्ट्रात म्युझिक व्हिडिओला अल्बमच म्हणतात. ‘सिनेमातलं गाणं की अल्बममधलं?’, ‘नवीन अल्बम आलाय’, आणि गाणं एकच असतं. कोळीगीतांच्या व्हीसीडीपासून हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. ज्यांच्यासाठी लिहायचं ते जे म्हणतात ते लिहावं.

जुनीवही:
एका गाण्याला अल्बम म्हणणं ही चूक आहे, वापर नव्हे. दहा गाण्यांच्या संचाला मग काय म्हणाल?

मांडवीकाठ:
तोही अल्बमच. संदर्भाने कळतं. ‘गाडी’ म्हणजे मोटार, बैलगाडी आणि रेल्वे तिन्ही कळतात ना?

तिरफळ:
अल्बम शब्द पसरला त्याच काळात गायकाचा चेहराही पुढे आला. अलिशा चिनॉय यांचा आवाज १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त श्रीदेवीच्या चेहऱ्यावर होता. १९९५च्या ‘मेड इन इंडिया’त केन घोष यांनी त्यांनाच राजकन्या केलं आणि मिलिंद सोमण पेटीतून बाहेर आला. पहिल्या गाण्याला ‘श्रीदेवीवर चित्रित’ म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणणार, हाच तर पाटीपेन्सिल यांचा प्रश्न आहे.

पाटीपेन्सिल:
हो, आणि उद्या मजकूर द्यायचाय. तूर्त ‘या व्हिडिओत ती स्वतः दिसते आणि गाते’ असं केलंय. पर्सोना तसंच ठेवलंय. ‘आर्टिस्ट’ला मात्र सगळीकडे ‘कलाकार’ केलं, तिथे तरी वाद नसावा.

एडिटटेबल:
तिथेच आहे. मराठी व्हिडिओंच्या खाली श्रेयनामावली बघा: ‘गायिका’ एक ओळ, ‘कलाकार’ वेगळी ओळ. कलाकार म्हणजे पडद्यावर दिसणारे. गायिका, संगीतकार, गीतकार त्यात धरलेले नसतात. गायिका स्वतः पडद्यावर असली तर तिचं नाव दोन्ही ओळींत येतं. ‘व्हिडिओतून कलाकार कसा दिसतो’ असं लिहिलंत तर वाचक नट-नटीबद्दल समजेल. ‘गायक’ लिहा.

जुनीवही:
आणि बँड असेल तर? ढोल वाजवणारा गायक होत नाही. ‘कलावंत’ लिहा.

मांडवीकाठ:
‘कलावंत’ गोव्यात लिहाल तर आधी ‘कलावंतीण’ आठवेल, आणि तो इतिहास फार वेगळा आहे. त्यापेक्षा ‘गाणारे-वाजवणारे’ बरं.