रिचर्डचा डिक कसा?
कुणीतरी विचारलंय की रिचर्डचा डिक कसा काय होतो, तर ही इंग्लंडमधली मध्ययुगातली यमकबाजी आहे. १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या नावांची लाट आली, जिकडे तिकडे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, मग ओळखायचं कसं? रिचर्डचा आधी रिक झाला आणि मग रिकला जुळणारे हिक, डिक, तसंच रॉबर्टच्या रॉबचे हॉब, डॉब आणि बऱ्याच नंतर बॉब. हिक्स, डिक्सन, हॉब्स, डॉब्सन ही आडनावं त्यातलीच. मार्गारेटची पेगी पण मेग-पेग करतच आलीये. एडवर्डचा नेड मात्र वेगळाच प्रकार, 'माइन एड' (म्हणजे 'माझा एड') म्हणता म्हणता 'न' पुढे जाऊन चिकटला. आपल्या विनायकचा विन्या झाला तरी पहिलं अक्षर शाबूत राहतं बुवा!