एचआयव्ही, आकलनक्षमतेतील घट आणि गांजा: परस्परविरोधी निष्कर्ष कसे वाचावेत?

पदव्युत्तर_वाचक (प्रश्न):

मी मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. एचआयव्हीमुळे स्मरणशक्ती, एकाग्रता आणि निर्णयक्षमता यांत होणारी घट, आणि त्या घटीवर गांजाच्या सेवनाचा होणारा परिणाम, हा ज्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय आहे अशा एका मेंदूवैज्ञानिकेच्या संशोधनावर मला चर्चासत्रात बोलायचे आहे. वाचन जसजसे पुढे गेले तसतसा गोंधळ मात्र वाढत गेला. २००४ सालच्या एका अभ्यासात, एचआयव्हीची लक्षणे दिसू लागलेल्या आणि वारंवार गांजा घेणाऱ्या व्यक्तींची स्मृती अधिक खालावलेली आढळली. उलट २०२० साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये गांजाच्या सेवनाचा संबंध आकलनदोषाच्या कमी शक्यतेशी जोडला गेला. दोन्ही अभ्यास अनुभवी संशोधकांनी केलेले आहेत, त्यामुळे एक खरा आणि दुसरा खोटा असे म्हणून मोकळे होता येत नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी बरोबर असू शकतात का? आणि औषधोपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाल्यावरही मेंदूवरील परिणाम का उरतो?

प्रयोगशाळेतून:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच उभे आहे.

एचआयव्ही मेंदूत फार लवकर पोहोचतो. थायलंडमध्ये अगदी ताज्या संसर्गाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, संसर्गाच्या अंदाजित दिवसानंतर अवघ्या आठ दिवसांत विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात सापडला होता. तिथे गेल्यावर तो चेतापेशींना थेट बाधित करत नाही. तो मुख्यतः मायक्रोग्लिया आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत बस्तान बसवतो. या पेशींतून बाहेर पडणारी टॅट आणि जीपी-१२० ही विषाणूची प्रथिने, तसेच दाह वाढवणारे रेणू, यांमुळे शेजारच्या चेतापेशींचे नुकसान होते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, विषाणूला नव्या पेशी बाधित करण्यापासून रोखते, पण ज्या पेशीच्या डीएनएमध्ये तो आधीच सामावला आहे तिथून टॅटसारखी प्रथिने तयार होणे ती थांबवत नाही. शिवाय सर्वच औषधे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सारख्याच प्रमाणात ओलांडत नाहीत. १९९६ नंतर, म्हणजे संयुक्त औषधोपचार रूढ झाल्यावर, एचआयव्हीमुळे होणारा तीव्र स्मृतिभ्रंश पुष्कळ कमी झाला, तरी सौम्य स्वरूपाची घट टिकून राहिली आणि तिच्यामागे मंद, दीर्घकाळ धुमसणारा दाह हे एक प्रमुख कारण मानले जाते.

आता गांजाकडे येऊ. त्यातील टीएचसी हा रेणू शरीरातील दोन ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश पकडणाऱ्या प्रथिनांवर, काम करतो. सीबी-१ हा ग्राही हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) आणि मेंदूच्या पुढच्या भागात दाटीने आढळतो, आणि तो उद्दीपित झाला की नव्या आठवणी नोंदवण्याच्या कामात अडथळा येतो. सीबी-२ मुख्यत्वे रोगप्रतिकारक पेशींवर असतो. दाह असताना मायक्रोग्लियावरील त्याचे प्रमाण वाढते आणि तो उद्दीपित झाल्यास दाह शमतो असे प्राण्यांवरील आणि पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. एकच पदार्थ एका बाजूने स्मृती बिघडवतो आणि दुसऱ्या बाजूने स्मृती बिघडवणाऱ्या दाहावर पाणी टाकतो, त्यामुळे ज्याच्या मेंदूत दाह जास्त आहे त्याच्या बाबतीत या हिशेबाची शिल्लक वेगळी निघू शकते. मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांना एचआयव्हीबाधित गांजासेवकांच्या रक्तात सीडी-१६ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी आणि आयपी-१० हा दाहदर्शक रेणू कमी आढळला (२०१८). या मोनोसाइट पेशी विषाणूला मेंदूत वाहून नेतात असे मानले जाते, म्हणून हा धागा महत्त्वाचा आहे. परंतु रक्तातील एखादा दर्शक कमी होणे आणि माणसाला काल ऐकलेले आज आठवणे यांत बरेच अंतर आहे, आणि उत्साही वार्तांकनात नेमके तेच अंतर गिळले जाते.

आकडेमोड:

वरील जैविक स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. तरीही माझा संशय आधी मोजमापावर जातो.

अमेरिकेतील चार्टर या मोठ्या अभ्यासात १,५५५ एचआयव्हीबाधित प्रौढांची तपासणी झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे ५२ टक्के लोकांमध्ये आकलनदोष नोंदवला गेला. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. त्याचे पोटभाग सहसा सांगितले जात नाहीत: निदान गुंतागुंतीचे करणाऱ्या गंभीर सहव्याधी असलेले लोक वगळता, सुमारे ३३ टक्के लोकांमध्ये दोष केवळ चाचण्यांत दिसत होता आणि दैनंदिन जीवनात त्याची झळ नव्हती, १२ टक्क्यांमध्ये तो सौम्य होता आणि स्मृतिभ्रंश जेमतेम २ टक्क्यांमध्ये. २००७ च्या निकषांनुसार किमान पाच क्षमता तपासायच्या आणि त्यांपैकी दोन क्षमतांमध्ये गुण सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने (गुणांच्या सरासरीभोवतीच्या पसरटपणाच्या मापाने) खाली असले की या पहिल्या, केवळ चाचण्यांत दोष दिसणाऱ्या गटात नाव लागते. इतक्या सैल चाळणीत काही निरोगी माणसेही निव्वळ योगायोगाने अडकतात, अशी टीका २०११ पासून होत आली आहे. मग ‘दोष असलेले’ आणि ‘दोष नसलेले’ हे गट मुळातच एकमेकांत मिसळलेले असतील, तर गांजाचा त्यांच्याशी लावलेला संबंध कोणत्याही दिशेने घसरू शकतो.

गांजाच्या बाजूचे मोजमाप याहून ढिसाळ आहे. एका अभ्यासात ‘आयुष्यात कधीतरी व्यसनाचे निदान’ हा निकष असतो, दुसऱ्यात ‘गेल्या महिन्यात किती वेळा’ हा. लघवीतील टीएचसीचा अवशेष नियमित सेवन करणाऱ्यात आठवड्यांनंतरही सापडू शकतो, म्हणून चाचणीच्या सकाळी ती व्यक्ती नशेच्या अमलाखाली होती की तिने महिन्याभरापूर्वी सोडले होते, हे त्यावरून कळत नाही. आणि हाच फरक निर्णायक असतो. किशोरवयीन आणि तरुणांवरील ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात गांजाचा आकलनावरील परिणाम लहान होता, आणि ७२ तासांहून अधिक काळ सेवन थांबवलेल्यांच्या अभ्यासांत तो आणखी कमी दिसला.

एका क्षणाचे छायाचित्र घेणाऱ्या अभ्यासात कारण आणि परिणाम उलटही होऊ शकतात. ज्याला आपली स्मृती कमकुवत होत असल्याचे जाणवते तो सेवन सोडून देतो, आणि मग न घेणाऱ्यांचा गट अधिक दुबळा दिसू लागतो. २०२० चा निष्कर्ष चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र त्यावरून ‘गांजा मेंदूचे रक्षण करतो’ इथवर झेप घेता येणार नाही.

गोळी_वेळेवर:

मी अनेक वर्षे एआरटी घेणारी व्यक्ती आहे, संशोधक नाही. चर्चेत एक बाजू राहून गेली आहे: लोक गांजाकडे वळतात ते बहुतेकदा स्मरणशक्तीसाठी नव्हे, तर वेदना, झोप, भूक आणि मनाची घालमेल यांसाठी. एचआयव्हीमुळे किंवा जुन्या औषधांमुळे तळपायांत होणारी जळजळ ज्यांनी सोसली आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. २००७ साली डोनाल्ड अब्राम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये केलेल्या चाचणीत, गांजा ओढणाऱ्या गटाची अशी वेदना सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाली, तर टीएचसी काढून घेतलेला गांजा ओढणाऱ्या गटाची १७ टक्क्यांनी. चाचणी पाच दिवसांची होती आणि सहभागींना गांजाचा पूर्वानुभव होता, हेही सांगायला हवे. वेदना आणि निद्रानाश दोन्ही एकाग्रता खातात. त्यामुळे एखाद्याची झोप सुधारल्याने चाचणीतील गुण वाढले असतील, तर त्याचे श्रेय दाह कमी होण्याला कसे देणार?

दुसरे, रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट (इतर एचआयव्ही औषधांचा प्रभाव वाढवण्यासाठी दिली जाणारी औषधे) असलेली औषधयोजना यकृतातील ज्या विकराला रोखते, त्याच विकरामार्फत टीएचसीचाही काही अंशी निचरा होतो. म्हणून तेवढ्याच मात्रेचा अंमल जास्त होऊ शकतो. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये, एवढेच माझे म्हणणे.

पदव्युत्तर_वाचक:

सर्वांचे आभार. वेळ वीस मिनिटांचाच आहे. दोन अभ्यासांची तुलना करताना नेमके कोणते घटक समोर ठेवावेत?

प्रयोगशाळेतून:

प्रत्येक अभ्यासात सहभागींचा विषाणू औषधांनी आटोक्यात होता का, हे सर्वांत आधी पाहा. २००४ च्या अभ्यासातील हानी लक्षणे असलेल्या गटात ठळक होती, ही गोष्ट म्हणूनच दुर्लक्षू नका. त्यानंतर त्यांची सीडी-४ संख्या (एचआयव्ही ज्या रोगप्रतिकारक पेशी नष्ट करतो त्यांची रक्तातील संख्या) आजवर किमान किती खाली गेली होती ते पाहा, कारण ती खोल घसरण मेंदूवर ठसा ठेवून जाते आणि नंतर संख्या वाढली तरी तो पूर्णपणे पुसला जात नाही. तुमच्या मेंदूवैज्ञानिकेने मेंदूची चित्रे घेतली असतील, तर सहभागींना आधी किती तास गांजापासून दूर राहण्यास सांगितले होते, ते पद्धतीच्या विभागात शोधा. तिथे ते लिहिलेले नसेल, तर चर्चासत्रात तसे स्पष्ट सांगा.

आकडेमोड:

तंबाखूचीही नोंद पाहा. गांजा ओढणाऱ्यांमध्ये धूम्रपान करणारे पुष्कळ असतात आणि तो हिशेब वेगळा मांडलेला नसेल, तर गांजाच्या नावावर तंबाखूचे खाते चढते.