एसआरएस परत आला: "रिक्वायरमेंट तपासता येत नाहीत" म्हणजे नेमकं काय दुरुस्त करायचं?

मलप्रभा

सहावं सेमिस्टर, इन्फर्मेशन सायन्स, बेळगावातलंच व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) कॉलेज. चौघांच्या गटाचा मिनी प्रोजेक्ट आहे: खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्रासाठी सॉफ्टवेअर. २२ पानांचा एसआरएस (सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स स्पेसिफिकेशन, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं याचा लेखी मसुदा) गाइडनी परत दिला. शेरा दोन ओळींचा: रिक्वायरमेंट तपासता येण्याजोग्या नाहीत, आणि त्या कुठून आल्या ते कळत नाही.

नमुन्याला चार देते:

१. सिस्टीम वापरायला सोपी आणि वेगवान असावी.
२. सिस्टीमने फॅट आणि एसएनएफवरून दर काढून पावती द्यावी. (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ.)
३. सिस्टीम कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत चालावी.
४. डेटा सुरक्षित राहावा.

माहिती केंद्राच्या सेक्रेटरींकडून घेतली, एकदाच, तासभर बसून. सभासद बहुतेक मराठी, दूध संघाचे सुपरवायझर कन्नड, आणि एसआरएस लिहायचा इंग्रजीत. टेम्प्लेट विभागाने दिलेलं, आयईईई ८३० या एसआरएस लिहिण्याच्या मानकाचं. तीन आठवड्यांत पुन्हा सादर करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

वेदगंगा

दुसऱ्या क्रमांकापासून कर. चारांत तोच सगळ्यात बरा दिसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. पण तुमचं सॉफ्टवेअर पैशांचा हिशेब चुकवेल तर याच ओळीमुळे.

"फॅट आणि एसएनएफवरून दर काढणे" या पाच शब्दांत किती प्रश्न दडलेत बघ. काटा किलोत मोजतो की माप लिटरचं आहे? एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावर १०.३ किलो आलं आणि दर लिटरचा असेल, तर दूध १० लिटर. हा भागाकार राहिला तर समजा ४० रुपये दराने एका खेपेला १२ रुपये जास्त जातील, आणि ते प्रत्येक सभासदाला, दोन्ही वेळा. एककाचा घोळ क्षुल्लक वाटत असेल तर नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर आठव. १९९९ मध्ये ते मंगळाजवळ गमावलं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्राम पाउंड-फोर्स सेकंदात आकडे देत होता आणि ते वाचणारा न्यूटन-सेकंद समजत होता. तिथे एकक लिहिलेलं नव्हतं असंही नाही. लिहिलेलं होतं, पण प्रोग्राम त्याप्रमाणे आकडे देतो का हे कुणी ताडून पाहिलं नाही. तेव्हा तुमच्या एसआरएसमधल्या प्रत्येक आकड्यापुढे एकक हवं, आणि ते तपासणारी एक टेस्टही हवी.

मग एसएनएफ. यंत्र थेट एसएनएफ देतं, की लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीची) डिग्री घेऊन सूत्राने काढायचा? सूत्राचा ढाचा ठरलेला आहे: डिग्रीचा चौथा हिस्सा, अधिक फॅटचा काही अंश, अधिक एक स्थिरांक. हे शेवटचे दोन आकडे सगळीकडे सारखे नसतात. समजा डिग्री २८, फॅट ४.०, फॅटचा गुणक ०.२. स्थिरांक ०.३६ धरला तर एसएनएफ ८.१६, आणि ०.४४ धरला तर ८.२४. जवळच्या दशांशाला आणलं तर दोन्हीकडे ८.२. पण पुढचा अंक नुसता छाटला तर एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे ८.२. दर तक्त्यात ही अख्खी एक पायरी आहे. म्हणजे स्थिरांक कोणता आणि छाटायचं की जवळच्या अंकाला आणायचं, या दोन स्वतंत्र रिक्वायरमेंट झाल्या, आणि दोन्ही संघाकडून लेखी आल्या पाहिजेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मनाने ठरवायची ही गोष्ट नाही.

शिवाय तक्ता गाय आणि म्हैस यांचा वेगळा. तक्ता मध्येच बदलला तर नवा दर कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळेपासून? फॅट तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खाली आला तर?

लिहिताना इअर्स पद्धत वापर, म्हणजे प्रत्येक रिक्वायरमेंट ठरलेल्या वाक्यसाच्यात लिहायची. २००९ मध्ये ॲलिस्टेअर मेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. तिचे पाच साचे आहेत: कायम लागू असणारं, काही घडल्यावर होणारं, एखाद्या स्थितीत असताना चालणारं, एखादी सोय बसवली असेल तरच लागू होणारं, आणि नको ते घडलं तर करायचं. विद्यार्थी पहिला आणि दुसरा साचा भरून वापरतात आणि पाचवा विसरतात. तुमच्या विषयात खरा माल पाचव्यातच आहे. उदाहरणार्थ:

"नमुन्याचा फॅट चालू दर तक्त्यातल्या किमान फॅटपेक्षा कमी आला, तर सिस्टीमने ती नोंद 'तक्त्याबाहेर' म्हणून ठेवावी आणि दर लावू नये."

हिची टेस्ट लगेच सुचते: किमान फॅट ३.० असेल तर २.९, ३.० आणि ३.१ टाकून बघायचं. रिक्वायरमेंट वाचल्यावर टेस्टचे आकडे सुचत नसतील, तर ती अजून लिहून झालेली नाही असं समज.

हिरण्यकेशी

वेदगंगांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तासाभराच्या भेटीत मिळत नाहीत. सेक्रेटरी सांगतात तो नियम असतो, आणि केंद्रावर घडतं त्यातलं निम्मं नियमाबाहेरचं असतं. तीनदा जा: एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, आणि एकदा दहा दिवसांचं बिल वाटतात त्या दिवशी. पहिल्या दोन वेळा कोपऱ्यात उभं राहून फक्त बघायचं, गर्दीत मापाड्याला प्रश्न विचारायचे नाहीत. घड्याळ लावून तीन गोष्टी टिपायच्या: माप घ्यायला किती सेकंद, नमुना तपासायला किती, पावती हातात पडायला किती.

तुझी पहिली रिक्वायरमेंट या आकड्यांतूनच दुरुस्त होते. समजा १५० सभासद आणि दुधाची गाडी यायला ९० मिनिटं. म्हणजे माणशी ३६ सेकंद. तपासणी यंत्र एका नमुन्याला ४० सेकंद घेत असेल तर एकट्या तपासणीलाच १०० मिनिटं लागतात. सॉफ्टवेअर शून्य सेकंदात चाललं तरी रांग गाडीच्या आधी संपत नाही. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी माप आधी घेतात, नमुना क्रमांकाच्या बाटलीत काढून ठेवतात आणि तपासणी मागून होत राहते. तुमची सिस्टीम "माप, फॅट, पावती" या क्रमाला बांधलेली असेल तर मापाडी ती दुसऱ्या दिवशी बंद करून वही काढेल. तेव्हा रिक्वायरमेंट अशी हवी: माप झालेली पण तपासणी बाकी असलेली नोंद सिस्टीमने धरून ठेवावी आणि बाटलीच्या क्रमांकावरून नंतर पुरी करता यावी. वेगाबद्दल एवढंच लिही की सभासदाचा कोड आणि वजन टाकल्यावर २ सेकंदांच्या आत पुढची नोंद घ्यायला पडदा मोकळा व्हावा, १५० नोंदींपैकी किमान १४५ वेळा.

"वापरायला सोपी" हेही मोजता येतं. कधीही संगणक न वापरलेल्या मापाड्याला अर्धा तास शिकवून सलग २० नोंदी करायला लावायच्या, एकापेक्षा जास्त चूक नको. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण सेक्रेटरींना विचारून.

बघणं झाल्यावर बोलायला बसा. फक्त सेक्रेटरी नकोत. मापाडी, तपासणी करणारा, दोन-तीन सभासद (त्यात दूध घालायला येणारी एखादी बाई असू दे, कारण पावती तीच सांभाळते), चेअरमन, संघाचे सुपरवायझर, आणि हिशेब तपासणारे. "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं की सगळे मोबाइल ॲप सांगतात. त्याऐवजी विचारा: शेवटचा वाद कशावरून झाला? वीज गेली तेव्हा काय केलं? नासलेलं दूध परत पाठवलं तर कुठं लिहिता? एकाच घरातून गाईचं आणि म्हशीचं दोन्ही आलं तर? पशुखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली तर उरलेली रक्कम पुढच्या बिलात जाते का?

आणि कागद गोळा करा: कोरी आणि भरलेली पावती, दर तक्ता, बिलाचं रजिस्टर, कपातीची वही. रजिस्टरच्या समासात पेनाने लिहिलेल्या खुणा नीट बघा. छापील रकान्यात न मावलेली प्रत्येक गोष्ट तिथे असते, आणि ती तुमची सुटलेली रिक्वायरमेंट असते. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि सभासदांची नावं झाका.

गाइडचा दुसरा शेरा इथेच निकालात निघतो. प्रत्येक रिक्वायरमेंटपुढे स्रोत लिहायचा: कोणी सांगितलं (नाव नको, भूमिका पुरे), कोणत्या तारखेला, किंवा कोणता कागद.

घटप्रभा

टेम्प्लेटबद्दल थोडक्यात. आयईईई ८३० ची शेवटची आवृत्ती १९९८ ची. तिची जागा २०११ मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ ने घेतली आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आली. विभागाचं टेम्प्लेट बदलायच्या भानगडीत पडू नका, प्रकरणं तीच ठेवा. फक्त इंग्रजीत लिहिताना "शॅल" बंधनकारक गोष्टीलाच, "शुड" असलं तर बरं अशाला, "मे" परवानगीला, हा भेद कटाक्षाने पाळा. तपासणीचे चार मार्ग आहेत: पाहणी, विश्लेषण, प्रात्यक्षिक, चाचणी. प्रत्येक रिक्वायरमेंटपुढे यातला एक लिहा. व्हायवात यावर हमखास बोलणं होतं.

रिक्वायरमेंटला एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. आर-०९ रद्द झाली तर "रद्द" लिहून तिथेच राहू दे, नाहीतर टेस्टच्या तक्त्यातले सगळे दुवे सरकतात.

मार्कंडेय

तिसऱ्या क्रमांकावर लिहितो, कारण आपल्या सीमाभागात ही ओळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असते आणि प्रत्येकात अशीच मोघम असते.

"तिन्ही भाषांत चालावी" म्हणजे काय काय? पडद्यावरच्या सूचना, पावती, संघाला जाणारा अहवाल आणि सभासदाचं नाव या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा मापाड्याच्या भाषेत, पावती सभासदाच्या, अहवाल सुपरवायझरांच्या. भाषा सभासदाच्या नोंदीत साठवायची की केंद्रासाठी एकच? एकाच रांगेत मराठी आणि कन्नड सभासद असतील तर पावतीची भाषा सभासदागणिक बदलायला हवी. हे एक वाक्य ठरलं की डेटाबेसचा रकाना ठरतो.

नावाचं लिप्यंतर सॉफ्टवेअरवर सोडू नका. देवनागरी नावाचं कन्नड रूप सेक्रेटरींनी एकदा तपासून साठवावं. बिलावर नाव चुकलं की बँकेत अडतं.

पावतीचा प्रिंटर ५८ मिलिमीटरचा असेल तर छापायची रुंदी साधारण ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. इंग्रजी अक्षरं ओळीला ३२. अशा बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत देवनागरी आणि कन्नड अक्षरं नसतातच, पावती चित्र करून पाठवावी लागते. हे डिझाइनमध्ये कळून उपयोग नाही. बंधन म्हणून एसआरएसमध्येच लिहा, आणि केंद्रातल्या प्रत्यक्ष प्रिंटरवर जोडाक्षरं असलेलं एक लांब नाव या आठवड्यातच छापून बघा.

शब्दसूची अगदी पहिल्या पानांत द्या. सभासद "डिग्री" म्हणतो, यंत्रावर सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं वाचन) दिसतं, तुमच्या इंग्रजी मसुद्यात चौघांपैकी कुणीतरी डेन्सिटी लिहिलेलं असणार. एका वस्तूला संपूर्ण कागदात एकच शब्द. गाय-म्हैस यांच्यापुढे आकळू आणि एम्मे हेही लिहा, सुपरवायझरांबरोबर कागद वाचताना सोपं जातं. आणि तो वाचायचाच आहे. मुद्दे मराठीत आणि कन्नडमध्ये तोंडी सांगून "असंच ना?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा गेल्या दहा दिवसांच्या रजिस्टरमधले पाच सभासद निवडा, तुमच्या रिक्वायरमेंटनुसार हाताने बिल काढा आणि वाटलेल्या बिलाशी पैशापर्यंत जुळवा. जिथे जुळणार नाही तिथे एक नियम तुमच्यापासून सुटलेला आहे.

मलप्रभा

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही वेळा बघून झाल्या, बिलाचा दिवस बाकी आहे. चौथी रिक्वायरमेंट तीन वेगळ्या ओळींत फोडली: वीज गेल्यावर शेवटची पुरी झालेली नोंद शाबूत राहणे, जुनी नोंद बदलली तर कोणी आणि कधी बदलली ते साठणे, आणि रोज रात्री पेन ड्राइव्हवर प्रत. एक नवी लिहिलीय, ती बघाल का?

"आर-१४: तपासणी यंत्र बंद असताना सिस्टीमने सभासदाच्या मागच्या त्याच वेळच्या फॅट-एसएनएफवरून दर लावावा आणि पावतीवर 'अंदाजे' असं छापावं. स्रोत: सेक्रेटरी, आणि रजिस्टरच्या समासातली खूण. तपासणी: चाचणी."

वेदगंगा

स्रोत छान लिहिलायस, आणि समासातली खूण पकडलीस ते फारच चांगलं. ओळ मात्र दोन कर: दर लावणं वेगळं, पावतीवर छापणं वेगळं. एक पास आणि एक नापास झाली तर आर-१४ पुढे काय लिहिणार?

"त्याच वेळच्या" म्हणजे सकाळचा सकाळशी हे बरोबर आहे, पण "त्याच जनावराच्या" हे राहिलं. म्हशीचा फॅट गाईच्या दुधाला लागेल. "मागच्या" हा शब्दही घट्ट कर. यंत्र तीन दिवस बंद राहिलं तर दुसऱ्या दिवशीचं "मागचं" हे पहिल्या दिवशीचं अंदाजेच असेल, तेव्हा "यंत्राने मोजलेल्या शेवटच्या" असं लिही. ते मोजमाप किती दिवसांपर्यंत जुनं चालेल, हेही ठरवावं लागेल.

आणि नवा सभासद पहिल्याच दिवशी यंत्र बंद असताना दूध घेऊन आला, तर त्याला मागचं काहीच नाही. याचं उत्तर तुम्ही चौघांनी ठरवू नका. बिलाच्या दिवशी जाशील तेव्हा सेक्रेटरींना विचार, सुपरवायझरांना वेगळं विचार, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही तारखेसह लिहून चेअरमनसमोर ठेव.